कप्तानाचा दुभाषी

आमच्या शारजाच्या घरात त्या उन्हाळ्यात मला नोकरी लागली होती. दुभाष्याची. आई आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दोघांनाही एकमेकांना सांगायचं मात्र भरपूर होतं. "ऊर्मी, बाबांना सांग, गॅसवाला येणार आहे. सिलिंडर दाराशी काढून ठेवा म्हणावं." बाबा तीन हातांच्या अंतरावर खुबूस, म्हणजे अरबी रोटी, दुधात बुडवून खात बसलेले असायचे. तोंडातला घास नीट चावून संपवून ते म्हणायचे, "आईला विचार, रिकामा की भरलेला?" त्यावर आई भिंतीकडे बघून म्हणायची, "भरलेला सिलिंडर दाराशी ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, म्हणावं." मी सोळा वर्षांची होते. अकरावीत. इकडून तिकडे निरोप पोचवून मी इतकी वैतागायचे की शेवटी इंग्रजीत ओरडायचे, "व्हाय कान्ट यू गाइज जस्ट टॉक!" मग थोडा वेळ घरात फक्त खिडकीतल्या एसीची घरघर ऐकू यायची. आमचा एसी दर दहा मिनिटांनी उचकी लागल्यासारखा थांबायचा आणि तेवढ्या शांततेत खालच्या गल्लीतल्या उडुपी हॉटेलातल्या भांड्यांचा आवाज वर यायचा. लग्न, संसार वगैरेबद्दल माझं जे काही मत पुढे बनलं, ते त्या एसीच्या उचक्यांमधलं आहे.

अबोल्याचं कारण सांगायला हवं. बाबा एका बांधकाम कंपनीत मंदूबाच्या हाताखाली होते. मंदूब म्हणजे कंपनीचे कागद घेऊन सरकारी खिडक्यांसमोर उभा राहणारा माणूस. खरा मंदूब सुदानी होता आणि त्याचे पाय दुखायचे, त्यामुळे तो गाडीत बसायचा आणि बाबा रांगेत उभे राहायचे. कुणाचा व्हिसा, कुणाचं लेबर कार्ड, कुणाच्या बायकोचं येणं, कुणाच्या बापाचं परत जाणं, सगळं बाबांच्या हातून जायचं. हजारभर माणसांचे कागद त्यांनी सोडवले असतील. आईचे मात्र दोन वर्षं कपाटात पडले होते. लग्नाआधी आईनं बालवाडी शिक्षिकेची पदविका घेतली होती. शारजातल्याच रोला भागातल्या एका नर्सरीनं तिला बोलावलं होतं. नवऱ्याचं ना-हरकत पत्र आणि पदविकेवर दोन-तीन शिक्के, एवढंच काम. बाबा म्हणायचे, "बुकरा." म्हणजे उद्या. कधी म्हणायचे, "इन्शाल्ला, या आठवड्यात." बाबा वाईट नव्हते, आईनं नोकरी करू नये असंही त्यांना वाटत नव्हतं. हे मला आता कळतं. दिवसभर खिडकीशी उभं राहून आलेल्या माणसाला घरी आल्यावर आणखी एक कागद दिसला की त्याच्या डोळ्यांवर झापड येत असणार. पण आईला त्या वेळी हे कळायचं काही कारण नव्हतं, आणि तिनं ते समजून का घ्यावं, हेही मला आजतागायत समजलेलं नाही.

त्यात ते बक्षीस लागलं. आम्ही जिथून महिन्याचा किराणा भरायचो त्या सुपरमार्केटात कुपनं मिळायची. पहिलं बक्षीस मोटार, दुसरं सोनं आणि तिसरं 'कॅरिबियन बेटांची कौटुंबिक सहल, ऐतिहासिक समुद्रकिनाऱ्याच्या भेटीसह'. कुपनावर एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं होतं: भारत शोधायला निघालेला युरोपचा दर्यावर्दी प्रत्यक्षात कुठे पोचला? बाबांनी हे उत्तर कुपनाच्या मागच्या बाजूला आणि शिवाय एक जादा कागद जोडून लिहिलं. त्यालाही कारण होतं. कंपनीचा इंग्रज मॅनेजर मायदेशी परतताना त्याचा ज्ञानकोश ऑफिसात वाटून गेला होता. पहिले तीन खंड, म्हणजे ए, बी आणि सी, बाबांना मिळाले. डीपासून एफपर्यंत मल्याळी अकौंटंटकडे गेले आणि उरलेले सगळे कराचीच्या ड्राफ्ट्समननं नेले. त्यामुळे बाबांचं ज्ञान सीपर्यंत अगाध होतं. मी एकदा हत्तींबद्दल विचारलं तर ते प्रामाणिकपणे म्हणाले, "अकौंटंटला फोन करावा लागेल." पण त्या दर्यावर्द्याचं पान त्यांच्या खंडात होतं आणि ते त्यांना पाठ होतं. ते त्याला नावानं हाक मारत नसत, 'कप्तान' म्हणत, जणू दोघं एकाच ऑफिसात कामाला होते. त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट अशी की कप्तानानं अरबी बोलणारा एक दुभाषी जहाजावर घेतला होता. पूर्वेकडच्या लोकांना अरबी येणारच, असा त्याचा हिशेब. "म्हणजे बघ," बाबा मला सांगायचे, "तिथल्या लोकांशी गोऱ्यांच्या वतीनं पहिलं कोण बोललं असेल? राजा नाही, कप्तान नाही. मंदूब."

सुपरमार्केटातून फोन आला तेव्हा बाबा घरात नाचले. मग त्यांनी तीन पासपोर्ट पिशवीत घातले आणि बाहेर पडले. लंडनला विमान बदलायचं म्हणून तिथला व्हिसा, मग त्या बेटाचा व्हिसा. त्या बेटाचं नाव तोवर आम्ही कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्याची वकिलात सांभाळणारा माणूस दुबईत गालिचे विकत होता. बाबांनी सहा दिवसांत सगळं करून आणलं. सहाव्या दिवशी दुपारी त्यांनी पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर पत्त्यांसारखे पसरले आणि आईकडे बघून म्हणाले, "बघ! सहा दिवसांत!"

आई कोशिंबिरीला फोडणी देत होती. तिनं गॅस बंद केला. "सहा दिवसांत," ती म्हणाली. मग पुढचा सव्वा महिना ती त्यांच्याशी बोलली नाही.

आम्ही अबोल्यासकट कॅरिबियनला गेलो. विमानात मी मधल्या सीटवर होते, हे सांगायला नकोच. "बाबांना विचार, सँडविचमध्ये काय आहे." "आईला सांग, काकडी." आईनं दशम्या, मेतकूट आणि लसणाची चटणी घेतली होती. बेटाच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं मेतकुटाची पिशवी उजेडात धरली आणि ही पिवळी पूड काय आहे, असं बाबांना विचारलं. खिडकीमागे गणवेशातला माणूस दिसला की बाबांच्या तोंडून आपोआप अरबी यायची. ते म्हणाले, "मा फी मुश्किला." काही अडचण नाही. अधिकाऱ्याला अरबी येत नव्हती, पण इतक्या खात्रीनं बोलणाऱ्या माणसाला पुढे काय विचारावं हे त्याला सुचलं नसावं. त्यानं पिशवीचा वास घेतला, दोनदा शिंकला आणि आम्हाला सोडलं.

सहल म्हणजे प्रत्यक्षात एका बाईंच्या घरातली माडीवरची खोली निघाली. मोठं हॉटेल बंद पडलं होतं आणि ट्रॅव्हल एजंटनं ते आम्हाला कळवायची तसदी घेतली नव्हती. बाबा हिरमुसले. आई मात्र खाली स्वयंपाकघरात गेली ती बाहेरच येईना. तासाभरानं मी डोकावले तर ती आणि त्या घरमालकीण बाई परसात उभ्या होत्या, आणि आई एका झाडाला हात लावून सांगत होती, "हा नीरफणस!" आई वेंगुर्ल्याची. तिच्या माहेरी नीरफणसाचे काप तव्यावर भाजत. बाई तो फणस अख्खा विस्तवावर भाजायच्या. रात्री जेवणात अळूच्या पानांचं दाट, हिरवं कालवण आलं, नारळाच्या दुधातलं. आईनं एक घास घेतला आणि डोळे मिटले. "चिंच कमी आहे," ती मला म्हणाली, "पण फदफदंच आहे." इंग्रजीचा एक शब्द न वापरता तिनं त्या बाईंना दुसऱ्या दिवशी फोडणी करून दाखवली. शारजात ती दुकानदाराशी बोलायलाही मला पुढे करायची. इथे तिला माझी गरज लागली नाही, आणि खरं सांगायचं तर मला थोडं वाईट वाटलं.

ऐतिहासिक किनारा बेटाच्या दुसऱ्या टोकाला होता. एका मिनीबसमधून आम्ही तीन तास डोंगर चढलो आणि उतरलो. रस्ता जिथे संपला तिथून पुढे शेळ्यांची वाट. ड्रायव्हर भला थोरला माणूस होता, सारखा घड्याळ बघायचा. "उशीर झाला तर मला मारतील," तो म्हणाला, पण कोण आणि का ते सांगेना. मग झाडी संपली आणि किनारा दिसला. करड्या वाळूची अर्धचंद्राकृती पट्टी, माड, काळे खडक, उलट्या टाकलेल्या होड्या. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "आईला सांग, हे तर वेंगुर्लं आहे." आई म्हणाली, "वेंगुर्लं स्वच्छ आहे, म्हणावं."

किनाऱ्यावर दोन-तीनशे माणसं जमली होती. कप्तान इथे उतरला त्याच्या नाटकाचा सोहळा दरवर्षी होई आणि तो नेमका त्याच दिवशी होता. एक उंच, सावळ्या मास्तरीणबाई हातात भोंगा घेऊन सगळ्यांना ओरडत होत्या. त्यांची पंचाईत अशी झाली होती की या नाटकात 'इंडियन', म्हणजे बेटावरचे मूळ रहिवासी, होणारी पोरं शेजारच्या गावानं फोडून नेली होती. कप्तान आमच्याच किनाऱ्यावर उतरला, असं ते गावही म्हणत असे; म्हणून सकाळी इथे आणि दुपारी तिथे, अशी तडजोड झालेली. आम्हाला उतरताना बघून बाईंनी सौजन्यानं विचारलं, "कुठून आलात?"

"शारजा," बाबा म्हणाले.

"ते कुठे आलं?"

"दुबईच्या पलीकडे. पण आम्ही मूळचे इंडियाचे. इंडियन."

बाईंच्या हातातला भोंगा खाली आला. "इंडियन?" त्या म्हणाल्या. "खरे?"

बाबांनी पासपोर्ट काढून दाखवला. ही त्यांची सवय होती. बाईंनी तो मुखपृष्ठावरच्या सिंहापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला, मग आमच्या आईकडे पाहिलं. आई मोरपंखी पाचवारी नेसली होती, कपाळाला कुंकू, हातात दशम्यांचा डबा. बाईंनी तिचा दंड धरला आणि तिला माडाखाली नेऊन उभं केलं. तिच्या हातात फळांचं ताट दिलं. कप्तान येईल, झेंडा रोवेल, वाकून नमस्कार करायचा आणि ताट द्यायचं, असं तिला सांगायला मला सांगितलं. तोवर बाबा भोंग्याच्या मागे मागे फिरत होते. "मॅडम, तुमच्या नाटकात दुभाषी नाही. असायला हवा. अरबी बोलणारा. इतिहास आहे." बाई म्हणाल्या, "अरबी आम्हाला कोण बोलून दाखवणार?" बाबांनी छातीवर हात ठेवला.

पाच मिनिटांत बाबा होडीत होते. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर मेजपोशाचा अंगरखा टाकला होता. होडीच्या टोकाशी कप्तान उभा होता: पडद्याच्या लाल मखमलीचा झगा, पायात रबरी बूट, डोक्यावर पिसाची टोपी. तो आमचा ड्रायव्हर होता. घड्याळ काढायचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

होडी वाळूला लागली, ढोल वाजले. ठरल्याप्रमाणे दुभाषी आधी उतरला. बाबा गुडघाभर पाण्यातून चालत आले, आईसमोर चार हातांवर थांबले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अस्सलाम अलैकुम!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांना पुढे काहीतरी बोलणं भाग होतं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबांची अरबी ही रांगेतली अरबी आहे. दुसरी त्यांच्याकडे नव्हतीच. "मुदीर मौजूद?" त्यांनी विचारलं. साहेब आहेत का? आईनं ताट दुसऱ्या हातात घेतलं. मग हजार खिडक्यांमधून हजार वेळा ऐकलेलं वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं: "वेन औराक?"

कागद कुठे आहेत?

शारजात सतरा वर्षं काढलेल्या बाईला तेवढी अरबी कळते. आईनं फळांचं ताट वाळूत ठेवलं. पदर खोचला.

"कागद?" ती म्हणाली. सव्वा महिन्यातला तिचा थेट नवऱ्याला उद्देशून पहिला शब्द. "कागद तुम्ही मला विचारताय? माझे कागद कुठे आहेत? दोन वर्षं तुमच्या कपाटात आहेत. गालिचेवाल्याकडून शिक्का आणता येतो, नाही? लंडनचा आणता येतो. हजार माणसांचं काम होतं. घरातली एक बाई रांगेत कितवी लागते, तेवढं सांगा."

मास्तरीणबाई माझ्या कानाशी आल्या. "काय म्हणतेय ती?" मी सोळा वर्षांची होते आणि सव्वा महिना मी हेच काम करत होते. मला खोटं सुचलं नाही. मी म्हणाले, "शी सेज ही हॅज हर पेपर्स." बाईंनी भोंगा उचलला आणि सगळ्या किनाऱ्याला सांगितलं, "इंडियन बाई म्हणते, तिचे कागद या गृहस्थाकडे आहेत!"

मग मागून एका म्हातारीनं ओरडून म्हटलं, "मग दे तिला!" आणि बघता बघता तीनशे माणसं टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडायला लागली: "गिव्ह हर द पेपर्स! गिव्ह हर द पेपर्स!" ढोलवाल्यांनी तो ताल उचलला. कप्तानाला वाटलं आपली वेळ झाली. तो झेंडा घेऊन एक पाय वाळूवर ठेवणार तोच आईनं त्याच्याकडे न बघता हात वर केला. "तुम्ही थांबा तिथंच," ती मराठीत म्हणाली. त्याला ते बरोबर कळलं. एक पाय होडीत आणि एक पाण्यात असा तो थांबला. मग लाटेनं होडी सरकली आणि कप्तान सावकाश, झेंड्यासकट, पाण्यात बसला.

नंतर झाडाखाली जेवताना तोच ड्रायव्हर झगा पिळत हसत होता. मास्तरीणबाई त्याला म्हणाल्या, "बरं झालं. दरवर्षी कप्तान होऊन येतोस आणि झेंडा रोवतोस. आमच्या पणज्यांना इथे जहाजातून आणलं, तेव्हा येता का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि तुला तर कधीच कुणी विचारलं नाही, की बाबा रे, तुझे कागद कुठे आहेत?" तो हसायचा थांबला आणि त्यानं मान डोलावली. बाबांनी ते ऐकलं. ते दशमी हातात धरून बसले होते, खात नव्हते. त्यांच्या बुटांत पाणी होतं. मी इतकी शरमले होते की मी समुद्राकडे तोंड करून बसले. आता मी आईच्या त्या वेळच्या वयाच्या पुढे आले आहे, आणि ती शरम नेमकी कुणाची होती ते आठवायचा प्रयत्न करते. नाही आठवत.

दुपारचा खेळ शेजारच्या गावात होता, दोन खडक ओलांडून. आमच्या आधी बातमी तिथे पोचली होती. तिथले लोक टाळ्या वाजवायला तयारच उभे होते. फोडून नेलेली पोरं आईभोवती मानाची रांग करून बसली. होडी आली. कप्तान या वेळी उतरायला तयारच नव्हता, तो टोपी घट्ट धरून मागच्या फळीवर बसून राहिला. बाबा एकटे पाण्यातून आले. मेजपोश त्यांनी काढून ठेवला होता. सगळे पुढे सरकले, कारण आता अरबी येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

बाबा मराठीत बोलले, हळू. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. "परत गेल्यावर ऑफिस उघडलं की पहिलं तुझंच काम. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको," आई म्हणाली. "वार सांगा."

"शनिवार."

"किती वाजता?"

"साडेसात. खिडकी उघडते तेव्हा."

मास्तरीणबाईंनी भोंगा वर करून माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. हे मी कुणाला सांगितलं नाही. सव्वा महिन्यात पहिल्यांदाच मला सुट्टी मिळाली होती.

आई बाजूला सरकली आणि तिनं बाबांना वाळूवर जागा करून दिली. होडीतून कप्तानानं विचारलं, "मॅडम, कॅन आय कम नाऊ?" आईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. परक्या माणसाशी तिला इंग्रजीत बोलताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "यू वेट."

परतल्यावरच्या शनिवारी बाबा साडेसहालाच घराबाहेर पडले. त्या दिवशी काम झालं नाही; टंकलेखकानं आईच्या नावात एक अक्षर जास्त घातलं. तिकडे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे रविवारी ते पुन्हा गेले, तर पदविकेवरच्या एका शिक्क्याचा रंग कुणाला पटला नाही. मंगळवारी दुपारी बाबा आले, शर्ट पाठीला चिकटलेला, हातात आईच्या नोकरीचा कागद. मी हात पुढे केला, सवयीनं. त्यांनी कागद माझ्या हातात दिला नाही. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन त्यांनी तो आईला दिला आणि म्हणाले, "इथे सही कर."

आईनं हात पुसले, चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला. इंग्रजी बाजू पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. मग अरबी बाजू तेवढाच वेळ बघितली, जी तिला वाचता येत नव्हती. बाबा चपला न काढता दारात उभे होते.

"घाई आहे का?" तिनं मान वर न करता विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "सावकाश होऊ दे."